अलॉय व्हीलला रंग शेवटी, आधी घासा

मुंबईत कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये जा आणि गाड्यांची फक्त डावी चाकं बघत चला. उजवीकडची बऱ्यापैकी ठीक असतात, डावीकडच्या रिमची कड मात्र किसणीवर फिरवल्यासारखी झालेली. कारण सरळ आहे, आपण बसतो उजवीकडे, फुटपाथ डावीकडे, आणि तो काळा-पिवळा दगड आरशात दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्यातही डावं मागचं चाक जास्त मार खातं कारण वळताना मागचं चाक पुढच्यापेक्षा आतून जातं, पुढचं चाक दगड चुकवून निघून जातं आणि आपण खुश होतो तेवढ्यात मागून खर्रर्र. आणि आता रिडेव्हलपमेंट झालेल्या टॉवरांमध्ये ते गाड्या एकावर एक चढवणारं स्टॅक पार्किंग आलंय ना, त्या लोखंडी पॅलेटला दोन्ही बाजूंनी उभी कड असते, त्यामुळे आता उजवं चाकही सुटत नाही, समानता आली म्हणायची.

तर हे खरचटलेले अलॉय घरी करता येतात का असं मला हल्ली बरेच जण विचारतात, कारण आमच्या हॅचबॅकची चाकं मी बिल्डिंगखालीच केली आणि लोकांनी ते येता-जाता बघितलं. उत्तर आहे, येतात. पण ज्याला वाटतं की स्प्रेचा डबा आणला, फुस्स केलं आणि संध्याकाळी गाडी नवी, त्याने नाद सोडावा. हे काम रंगाचं नाहीच, घासायचं आहे. रंग हा शेवटच्या तासाभराचा खेळ, त्याच्या आधीचं सगळं पाणी, पेपर आणि मनगट.

आधी कुठली चाकं घरी करायची नाहीत ते सांगतो, कारण इथे नुसत्या दिसण्याचा प्रश्न नसतो. चाकाला चीर गेली असेल तर हात लावू नका, वाकलं असेल तरी नाही. पावसाळ्यानंतर तर नक्की चाक काढून आतल्या बाजूने बघा, खड्ड्यात आपटलं की बाहेरची कड शाबूत राहते आणि आतली कड दबते, वरून काहीच कळत नाही, फक्त हायवेला स्पीड घेतला की स्टिअरिंग थरथरतं. टायरच्या साइडला फुगा आलाय का तेही तेव्हाच बघून घ्या. बहुतेक कंपनी अलॉय हे अ‍ॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम घालून ओतलेले असतात आणि नंतर ठरावीक तापमानाला हीट ट्रीटमेंट देऊन त्यांना ताकद दिलेली असते, कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याने तिथे वेल्ड मारलं की त्या भागाची ती ट्रीटमेंट गेली. चिरेवर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर सिल्व्हर मारलं की दिसायला झकास, पण ते झाकणं झालं, दुरुस्ती नाही. असलं चाक सरळ बदला.

दुसरी न करायची जात म्हणजे डायमंड कट. हल्ली टॉप मॉडेलला येतात त्या, पुढचा भाग चमकदार धातूचा आणि खाचांमध्ये काळा किंवा ग्रे रंग. ती चमक रंगाची नसते, चाक लेथवर फिरवून धातूचा पातळ थर काढलेला असतो आणि वर लॅकर, म्हणजे पारदर्शक थर. जवळून बघितलं तर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक रेघा दिसतात. त्या हाताने कुठल्याच पेपरने येत नाहीत, कितीही घासा. आणि हे लॅकर एकदा फुटलं की खालून पाणी शिरतं आणि पांढऱ्या अळ्या फिरल्यासारखे डाग पसरत जातात, आपली समुद्राची खारी हवा त्याला अजून मदत करते. माझ्या मेहुण्याची चाकं अशीच आहेत, तो दर रविवारी मला म्हणतो दादा बघ ना काहीतरी, मी म्हणतो लेथवाल्याकडे जा नाहीतर पूर्ण एका रंगात करायची तयारी ठेव. त्याला दोन्ही नको आहे.

म्हणजे उरली ती साधी, सिल्व्हर किंवा ग्रे रंगाची अलॉय, कडेला खरचटलेली. ही मात्र घरी मस्त होतात.

चाक काढताना गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक, पहिला गिअर, बाकीच्या चाकांना विटा. नट जॅक लावायच्या आधी थोडे सैल करायचे, गाडी उचलल्यावर पान्यावर उभं राहून नाचायचं नाही. स्टेपनी लावा आणि एका वेळी एकच चाक करा. बऱ्याच गाड्यांना अलॉय असले तरी स्टेपनी पत्र्याच्या रिमची आणि साइझने छोटी असते, तिच्यावर 80 च्या वर जाऊ नका असं लिहिलेलं असतं, पण आपल्या एलबीएस रोडला 80 कोणाला मिळतंय. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून जेवायला जाऊ नका, खाली पोरं क्रिकेट खेळत असतात.

मग धुणं. ब्रेकची धूळ म्हणजे बरीचशी लोखंडाची बारीक भुकटी असते, गरम गरम येऊन रंगात रुतून बसते, शाम्पूने जात नाही. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतं, मारलं की चाक जांभळं रडायला लागतं, बघायला मजा येते पण वास सडक्या अंड्याचा, आमच्या पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी गॅस लीक झाला म्हणून खिडकीतून आरडाओरडा केला होता. डांबराचे ठिपके वेगळे काढायचे. अ‍ॅसिडवालं टॉयलेट क्लीनर वापरा असा सल्ला देणारे लोक आहेत, कृपया नको, अ‍ॅल्युमिनियमला अ‍ॅसिड चालत नाही, चाक काळपट पडतं ते पडतंच. शेवटी आयपीए, म्हणजे आयसोप्रोपाइल अल्कोहोलने, पुसून घ्यायचं, ते मी प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणतो, केमिकलवाल्यांची तिथे रांगच आहे. पॉलिश पेपर, कानस, मास्क वगैरे सगळं नागदेवी स्ट्रीटला, तिथे गेलं की जे लागत नाही तेही घेऊन येतो माणूस.

टायर काढायची गरज नाही. हवा थोडी कमी करायची म्हणजे टायर आणि रिमच्या मध्ये फट होते, आणि त्या फटीत पत्त्यांचा जुना कॅट गोल खोचत जायचा, एकावर एक चढवत. कॅट नसेल तर लग्नपत्रिका कापा, हल्लीच्या पत्रिकांचा पुठ्ठा चांगला जाड असतो, एका सीझनच्या पत्रिकांत चारही चाकं होतात. मास्किंग टेपने टायर झाकण्यापेक्षा हे कितीतरी बरं कारण रंग कडेच्या आत थोडा उतरतो आणि टेपची कड दिसत नाही. व्हॉल्व्हला टेप. आणि एक जागा कोणी झाकत नाही ती म्हणजे नट बसतात त्या खाचा आणि मागची हबला, म्हणजे चाक गाडीला जिथे बसतं त्या भागाला, टेकणारी सपाट बाजू. तिथे रंग बसू द्यायचा नाही. रंगाचा थर नटाखाली दबतो, चिरडला जातो, आणि मग नट सैल पडतो. कागदाच्या छोट्या सुरळ्या करून त्या खाचांत घाला, पाच मिनिटांचं काम.

आता घासणं. आमच्याच मजल्यावर एक काका आहेत, कुर्ल्याला प्रीमिअरच्या कार कारखान्यात पेंट शॉपला होते, जिथे आता कोहिनूर सिटी आहे तिथे. पद्मिनीवर आयुष्य काढलेला माणूस, 2023 मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या तेव्हा कित्येक दिवस चिडचिड करत होते. पद्मिनीला कुठे अलॉय, पत्र्याची रिम आणि वर व्हीलकॅप, पण पृष्ठभाग तो पृष्ठभाग. मी खाली बादली घेऊन बसलो की काका लुंगीवर येऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे, आधी नुसतं बघायचे.

खरचटलेल्या कडेवर धातूचे बारीक काटे वर आलेले असतात, ते आधी कानशीने हलकेच खाली घ्यायचे, नाहीतर पेपर फाटत राहतो आणि बोटंही. मग 180 चा पेपर, मग 240, मग 400, नंबर मोठा तितका पेपर बारीक. नंबर उडवायचे नाहीत. 180 च्या रेघा 600 ने जात नाहीत, त्या सिल्व्हरखालून बरोबर वर डोकावतात, कारण सिल्व्हर हा चहाडखोर रंग आहे, पांढऱ्याखाली जे लपतं ते सिल्व्हरखाली लपत नाही. जुना रंग आणि उघडा धातू यांच्यामध्ये जी पायरी असते ती घासून घासून उतार करायचा, हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं.

मला वाटलं झालं, दिसायला गुळगुळीत होतं. काका म्हणाले, "डोळ्याने काय बघतोस, डोळे मिट." मग स्वतः वाकले, डोळे बंद करून दोन बोटं कडेवरून फिरवली, दाबून नाही, नुसती टेकवून, आणि एका जागी थांबले. "इथे. पायरी आहे." मी बोट लावलं, मला काही लागलं नाही. म्हणाले, "ओल्या हाताने बघ." ओल्या हाताने खरंच लागली, नखाएवढीही नाही पण होती. पाण्याने बोट सरकतं आणि मग उंचवटा अडतो. तेव्हापासून मी बघतच नाही, फक्त चाचपतो.

खोल खाचांना लांबी भरायची. इथे लोक घरात पडलेली एनसी पुट्टी जाड थापतात, ती बारीक रेघांसाठी आहे, जाड भरली की आक्रसते आणि चिरते. दोन भागांची, हार्डनर घालून वापरायची ती आणा, डेंटिंग-पेंटिंगवाले वापरतात ती, आणि हार्डनर लेबलवर लिहिलंय तेवढाच घाला, जास्त घातला तर लवकर सुकते खरी पण आपल्या मे महिन्याच्या गर्मीत डब्याच्या झाकणावरच दगड होते. ही लांबी कोरडीच घासायची. ती पाणी पिते, ओली घासून वर रंग मारला की ते पाणी आत अडकतं आणि काही महिन्यांनी फोड येतात. बाकी चाक ओलं घासा, लांबीचा तुकडा कोरडा, आणि मास्क दोन्ही वेळेला.

मग प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर. हार्डवेअरवाला रेड ऑक्साइड देईल, प्रेमाने देईल, घेऊ नका, तो लोखंडासाठी आहे. अ‍ॅल्युमिनियम उघडं पडलं की लगेच त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि साधा प्रायमर तिथे धड पकड घेत नाही, नंतर पापुद्रे सुटतात. ऑटो पेंटच्या दुकानात जाऊन वॉश प्रायमर किंवा एच (etch) प्रायमर मागा, त्यात थोडं अ‍ॅसिड असतं ते धातूला चावा घेऊन बसतं. उघड्या धातूवर त्याचा पातळ हात, सुकला की वर साधा ग्रे सरफेसर, म्हणजे बारीक रेघा भरून घासता येणारा थर.

सरफेसरवर काकांची अजून एक युक्ती, स्वस्तातल्या काळ्या स्प्रेचा लांबून नुसता शिडकावा द्यायचा, ठिपके ठिपके. सुकलं की 600 ने घासायचं. उंच भागावरचं काळं निघून जातं आणि जिथे खड्डा आहे तिथे काळं राहतं. कडेला लांबीच्या शेजारी एक काळा चंद्रकोर उरला होता, काकांनी त्याच्याकडे हनुवटीने खूण केली आणि चहा प्यायला वर गेले. म्हणजे परत लांबी, परत कोरडं घासणं, परत सरफेसर. वॉचमन विचारत होता, साहेब गाडी विकायची आहे का.

आता मुंबईचा खरा व्हिलन, दमट हवा. स्प्रे मारला की त्यातलं थिनर उडून जातं, उडताना पृष्ठभाग थंड होतो, आणि हवेत आधीच एवढी वाफ असते की ती त्या थंड रंगावर बसते. लॅकर दुधाळ पडतं. पेंटरलोक म्हणतात ब्लश आला. जून ते सप्टेंबर हा विषयच काढायचा नाही, बाहेर पाऊस नसला तरीही नाही. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी ही आपली खिडकी, आणि त्यातही सकाळी लवकर उठून उत्साहाने सुरू करू नका, पहाटेची हवा सगळ्यात ओली असते, ऊन चढू द्या, अकरानंतर सुरू करा. चाक पण उन्हात तापवून ठेवायचं नाही, कोमट असलं की पुरे. ब्लश आलाच तर घाबरू नका, हलका असेल तर कोरड्या दिवशी वरून एक पातळ हात मारला की बऱ्याचदा निघून जातो, नाहीतर सुकवून परत घासा.

अडचण अशी की जे महिने कोरडे तेच धुळीचे. समोर टॉवर, बाजूला मेट्रो, हवेत सिमेंट. म्हणून फ्रिजचा मोठा खोका मिळवायचा, एका बाजूने उघडा, आत वीट आणि विटेवर चाक, आणि आजूबाजूच्या जमिनीवर पाणी मारून ठेवायचं म्हणजे धूळ उठत नाही. आमच्या सेक्रेटरींनी गच्चीवर परवानगी दिली नाही, वॉटरप्रूफिंग नुकतं झालंय म्हणे, त्यामुळे सगळं मागच्या कंपाउंडला, जिथे कोणाचे कपडे वाळत नाहीत अशा कोपऱ्यात. वाळत घातलेल्या चादरींकडे वाऱ्याची दिशा नाही ना ते आधी बघा, सोसायटीत राहायचं आहे आपल्याला.

रंग मारताना डबा दोन मिनिटं हलवा, आतली गोळी खळखळली म्हणजे झालं असं नाही, ती खळखळायला लागल्यापासून दोन मिनिटं मोजा. हात साधारण 25 ते 30 सेंटीमीटर लांब, स्प्रे चाकाच्या बाहेर सुरू करायचा, चाकावरून न थांबता न्यायचा आणि बाहेर जाऊन सोडायचा. आधी स्पोकच्या बाजू आणि खाचा, समोरचा भाग शेवटी. पहिला हात इतका पातळ की खालचा प्रायमर दिसत राहिला पाहिजे, मन मारून थांबायचं, दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा. ओघळ नेहमी घाईत येतात. आणि सिल्व्हरचं एक आहे, त्यात धातूचे बारीक कण असतात, रंग ओला जाड पडला की ते खाली बसतात आणि शेड गडद दिसते, कोरडा लांबून पडला की फिकट. एकच डबा, एकच चाक, आणि दोन शेड. म्हणून सगळे हात एकाच अंतरावरून, एकाच वेगाने. शेड जुळवायला आधी पुठ्ठ्यावर मारून सुकू द्या आणि उन्हात दुसऱ्या चाकाशेजारी धरा, ट्यूबलाइटखाली सगळे सिल्व्हर सारखेच दिसतात.

काळे करा ना, भारी दिसतील, असं अर्धी बिल्डिंग म्हणाली. ग्लॉस ब्लॅक चाकं मुंबईत तासभर काळी असतात, नंतर धुळीची. माझं मत आहे, भांडू नका.

वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, त्याशिवाय हे सगळं वाया. साधा डब्यातला क्लिअर स्वस्त आणि सोपा, पण पेट्रोल किंवा ब्रेक ऑइलचा थेंब पडला की मऊ पडतो. दोन भागांचा, ज्याच्या डब्याच्या बुडाला बटण असतं आणि ते दाबलं की आत हार्डनर मिसळतो, तो महाग पण कडक. बटण दाबल्यावर मात्र थोड्याच वेळाची मुदत असते, डब्यावर लिहिलेली, नंतर डबा आतल्या आत जमतो, म्हणून चाक पूर्ण तयार असेल तेव्हाच बटण दाबा आणि एकदम उरका. त्याहून महत्त्वाचं, त्यात आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना फार वाईट, एकदा अ‍ॅलर्जी बसली की दमा मागे लागतो. कोविडमधला उरलेला सर्जिकल मास्क किंवा रुमाल इथे शून्य कामाचा. वाफेसाठी कार्ट्रिजवाला रेस्पिरेटर लागतो, हातमोजे, चष्मा, आणि उघडी जागा, बाल्कनीत तर अजिबात नाही आणि पोरांना लांब ठेवा. एवढं जमत नसेल तर साधा क्लिअर मारा आणि दोन-तीन वर्षांनी परत करा, काही बिघडत नाही.

रात्रभर तरी हात लावायचा नाही. बोटाला कोरडं लागतं म्हणजे आतून सुकलं असं नाही, साध्या क्लिअरला पूर्ण कडक व्हायला आठवडा तरी द्या, तोपर्यंत प्रेशर वॉश नको आणि गाडी धुणाऱ्या भय्याला आधीच सांगून ठेवा, तो पहाटे पाचला येतो आणि त्याचं फडकं म्हणजे सगळ्या बिल्डिंगच्या गाड्यांची वाळू एकत्र.

चाक परत लावताना आधी हब साफ, नट हाताने फिरवून बसवायचे, मग समोरासमोरचे असे एकाआड एक थोडे थोडे आवळत जायचं, गाडी खाली टेकवून शेवटची ताकद. किती ताकद ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये न्यूटन मीटरमध्ये दिलेलं असतं, टॉर्क पाना नसेल तर ओळखीच्या टायरवाल्याकडे जाऊन हाताने आवळून घ्या. गनने नको म्हणून सांगा, ती करकचून बसवते आणि नटांभोवतीचा नवा रंगही खराब करते. टायरची हवा कमी केली होती ती भरायला विसरू नका. आणि शंभरएक किलोमीटर झाले की नट परत एकदा तपासा.

काकांनी पूर्ण झालेल्या चाकावरून ओलं बोट फिरवलं, थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पुढचं डावं कधी घेतोस?" घेणार आहे, पण आत्ता मार्च संपत आलाय आणि हवा पुन्हा चिकट व्हायला लागली आहे, त्यामुळे ते दिवाळीनंतर.